किनखाबात 'ख्वाब' नाही!

प्रश्न असा: मंगोल खानांच्या दरबारातल्या 'नसीज' या सोनेरी-रेशमी कापडाला मराठीत किनखाब म्हणावं का? आणि किनखाब म्हणजे 'कम ख्वाब', हे खरं का?

दुसऱ्याचं आधी, कारण डोकं त्यानेच उठलंय. किनखाबातली जर, म्हणजे सोन्या-चांदीची तार, टोचते, म्हणून झोप उडते, म्हणून स्वप्नं कमी! ही कथा मी साडीच्या दुकानात ऐकली, लग्नाच्या पंगतीत ऐकली, परवा तर व्याख्यानात ऐकली. अहो, किनखाबाचा अंगरखा घालून झोपतं कोण?

त्याहून शहाणी मंडळी फारसी कोश पुढे करतात. 'ख्वाब' म्हणजे मखमलीची लव असाही अर्थ आहे, तेव्हा 'कमख्वाब' म्हणजे आखूड लवेचं कापड. दिसायला बिनतोड. पण मग जुन्या फारसीत नुसतं 'कमखा' का? तुर्कीत 'केमहा', ग्रीकमध्ये 'कामुखास', चौदाव्या शतकातल्या युरोपात 'कामोका'. 'ब' कुठेच नाही. सगळ्यांनी संगनमत करून एकच अक्षर गाळलं म्हणायचं का? 'ब' मागाहून चिकटलाय, आणि कोशकार शेपटाला धरून बैल ओळखतायत. (आपण तर त्याचाही 'प' करून किनखाप म्हणतो.)

मूळ चिनी आहे. वेलबुट्टीच्या भारी रेशमाला आजच्या प्रमाण चिनीत 'जिन' म्हणतात. जुना उच्चार 'किम', आणि कँटनी बोलीत अजून 'कम'च्या जवळपास. पुढे 'हुआ', म्हणजे फूल. झालं की 'किमखा'! काही जण पहिलं अक्षर 'सोनं' या अर्थाचं धरतात. त्याचाही जुना उच्चार 'किम'च, त्यामुळे हे भांडण मिटायचं नाही. मी रेशमाच्या बाजूचा. आणि गंमत बघा, त्या 'रेशमा'च्या चिन्हातच डावीकडे सोनं आणि उजवीकडे रेशमी वस्त्र काढलेलं असतं.

'नसीज' उलट अरबी. न-स-ज म्हणजे विणणे. 'सोन्या-रेशमाचं विणलेलं' या लांबलचक नावातलं एवढंच उरलं. मंगोलांनी मध्य आशियातले विणकर उचलून चीनच्या उत्तरेला नेऊन वसवले. तिथल्या सिमाली गावात बहुतेक वस्ती समरकंदच्या लोकांची, आणि त्यांनी बागाही समरकंदच्या धर्तीवर लावल्या होत्या, असं इराणच्या मंगोल दरबारातला इतिहासकार रशीदुद्दीन लिहितो. म्हणजे अरबी नसीज चिनीत जाऊन 'नाशीशी' झालं आणि चिनी किमखा फारसीत येऊन बसलं. भाषांनी घरं बदलली! आपल्याकडे हे कसं पोचलं, त्याचा माग चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता देतो: इराणातल्या निशापूरला नख्ख, कमखा वगैरे रेशमी कापडं विणतात आणि ती हिंदुस्थानात जातात.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. नसीजला नसीजच म्हणा. एकदा 'किनखाबासारखं' असं सांगा आणि पुढे चला. 'जरी' म्हणतानाही जरा जपून. आपली जर चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळलेली. नसीजमधलं सोनं पुष्कळदा कातड्याच्या पातळ पापुद्र्यावर वर्ख चढवून, त्याच्या बारीक पट्ट्या कापून विणलेलं.