स्कीममधले फ्लॅट अ‍ॅपवरून रोजाने किरायाने जातात. थांबवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरकडच्या २४ फ्लॅटच्या स्कीममध्ये पाच फ्लॅट अ‍ॅपवरून रोजाने जातात, महिन्याने राहू पाहणाऱ्या कुटुंबांना ते मिळत नाहीत, आणि बार्सिलोनाने बंदी घातली तशी इथे घालता येईल का.

बार्सिलोनाचं उदाहरण इथे फार कामाचं नाही. तिथे पर्यटकांच्या फ्लॅटला परवाना लागतो, म्हणून २०२४ मध्ये महापौरांना सांगता आलं की १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर वाढवणार नाही. आपल्याकडे तसे परवानेच नाहीत, तर रद्द काय करणार? स्पेनचीच दुसरी गोष्ट जवळची आहे. एप्रिल २०२५ पासून तिथे नव्याने असा फ्लॅट सुरू करायचा तर इमारतीतल्या तीन-पंचमांश मालकांची संमती लागते. तुमचा रस्ताही इमारतीच्या कागदातूनच जातो.

आधी तो कागद ओळखा. नागपुरात बोलताना सगळ्यालाच सोसायटी म्हणतात, पण इथल्या पुष्कळ स्कीम १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तुमच्या दस्तावर ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल आणि आत ‘डीड ऑफ डिक्लेरेशन’चा (इमारतीच्या घोषणापत्राचा) नोंदणी क्रमांक असेल, तर अपार्टमेंट. हातात शेअर सर्टिफिकेट असेल तर सहकारी सोसायटी. दोन्हींची वाट वेगळी आहे. सोसायटीचा फॉरमॅट अपार्टमेंटला लावला की वकिलाच्या पहिल्याच नोटिशीत ठराव आडवा होतो.

अपार्टमेंट असेल तर सब-रजिस्ट्रारकडून डिक्लेरेशनची प्रमाणित प्रत काढा. इमारत आणि प्रत्येक फ्लॅट कशासाठी वापरायचा हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. ‘फक्त निवासी वापर’ असे शब्द सापडले तर निम्मं काम झालं. नसतील, किंवा मोघम असतील, तर उपविधीत (बाय-लॉजमध्ये) दुरुस्ती करावी लागेल, आणि चूक होते ती इथेच. दुरुस्ती मीटिंगमध्ये मंजूर होते, मिनिट बुकात उतरते आणि तिथेच राहते. कलम १६ प्रमाणे उपविधीतला बदल डिक्लेरेशनच्या दुरुस्तीत घालून नोंदवला नाही तर तो वैधच नाही. किती मतं लागतील ते तुमच्याच उपविधीत असतं, आधी वाचा. नोंदणी झाली की कलम ७ खाली, नियम मोडणाऱ्या मालकाविरुद्ध व्यवस्थापन मंडळाला दिवाणी न्यायालयात मनाई मागता येते.

सोसायटी असेल तर उपविधी दुरुस्तीला १४ दिवसांची नोटीस, सोबत दुरुस्तीचा मसुदा, हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत, आणि दोन महिन्यांच्या आत निबंधकाकडे अर्ज. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे मोजून केलेला ‘ठराव’ टिकत नाही. वाद पुढे सहकार न्यायालयात जातो.

आता मसुदा. नुसतं ‘एअरबीएनबीला मनाई’ लिहू नका. उद्या दुसरं अ‍ॅप येईल, परवा फोनवरूनच बुकिंग होईल. रात्रींचा आकडा लिहा. साधारण असं: “कोणताही सदनिकाधारक, त्याचा परवानाधारक किंवा मुखत्यार, सलग ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी मोबदला घेऊन सदनिका वा तिचा भाग कोणालाही वापरण्यास देणार नाही. मालक स्वतः त्याच सदनिकेत राहत असताना ठेवलेल्या जास्तीत जास्त दोन पाहुण्यांना हा नियम लागू नाही.” न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून हाच साचा चालतो: ३० दिवसांच्या आत असेल तर यजमान घरात हवा, पाहुणे दोनच.

त्यातला ‘परवानाधारक’, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स करारावर फ्लॅट घेणारा, हा शब्द गाळू नका. खरा खेळ तिथेच असतो. एखादा ऑपरेटर मालकाकडून ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करतो, तो रीतसर नोंदवतो, आणि मग फ्लॅट रोजाने पुढे देतो. मालक म्हणतो, माझा करार पक्का आहे. करार मागून घ्या आणि ‘अन्य व्यक्तीस वापरण्यास देणार नाही’ हे कलम शोधा. बहुतेक छापील मसुद्यांत ते असतंच, म्हणजे मालकाचाच करार मोडला जातोय. ते काढून टाकलं असेल तर मालकाला सगळं ठाऊक होतं. करार नोंदवलेलाच नसेल तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे जबाबदारी मालकाची: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

३० दिवसच का? कारण नागपूर गोवा नाही. रामदासपेठ-धंतोलीतले दवाखाने, मिहानमधलं एम्स, जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट यांच्यासाठी गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेली माणसं महिना-दोन महिने खोली शोधतात. रेडिएशन पाच-सहा आठवडे चालतं. सरसकट बंदीत तीही सापडतील, आणि तसा नियम मला तरी मान्य नाही. तुमचा त्रास शनिवारच्या पार्टीवाल्यांचा, जामठ्यातल्या मॅचच्या गर्दीचा, डिसेंबरमधल्या अधिवेशनाच्या दिवसांचा आहे. तो ३० दिवसांच्या रेषेत येतो.

पुरावा कसा गोळा करायचा? अ‍ॅपवर नेमका पत्ता बुकिंगआधी दिसत नाही. पण फोटोत खिडकीबाहेरची पाण्याची टाकी, बाल्कनीच्या ग्रिलची नक्षी, किचन ओट्याच्या टाइल्स दिसतात; स्कीममधल्या माणसाला फ्लॅट ओळखायला दोन मिनिटं पुरतात. तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. रिव्ह्यूंखाली महिना असतो, त्यावरून महिन्यात किमान किती पाहुणे येऊन गेले ते मोजता येतं. ते चौकीदाराच्या रजिस्टरशी ताडा. रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर, गाडी नंबर, येण्या-जाण्याची वेळ हवी. नुसतं ‘पाहुणे’ लिहिलेलं कामाचं नाही.

समोरून एक युक्तिवाद नक्की येईल: पाहुणाही झोपायलाच येतो, म्हणजे वापर निवासीच. उत्तर जीएसटीत आहे. सामान्य माणूस राहण्यासाठी घर भाड्याने घेतो तेव्हा त्या भाड्यावर जीएसटी नाही. अ‍ॅपवरच्या मुक्कामावर मात्र, मालक नोंदणीकृत नसेल तर, जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली अ‍ॅप कंपनीच हॉटेलसारखा कर भरते. एवढ्यावर निकाल लागणार नाही, पण ‘घरच आहे हो’ या बोलण्यातली हवा जाते.

दुसरी बाजू पालिकेची. नकाशा ज्याने मंजूर केला त्याच्याकडे, म्हणजे मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा बाहेरच्या भागात एनएमआरडीएकडे (महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), वापर बदलल्याची लेखी तक्रार. वापरातला ठळक बदल हा एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात ‘विकास’ धरला जातो आणि त्याला परवानगी लागते. मंजूर नकाशाची प्रत घरात नसेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात मागा. महावितरणकडेही अर्ज जातो: घरगुती मीटरवर लॉजिंग चालत असेल तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि कधीपासून चाललंय ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. ऑपरेटरला नोटिशीपेक्षा हे बिल जास्त लागतं.

परदेशी पाहुणा उतरवला तर २४ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. तीही मालकाला लेखी विचारा.

आणि काही गोष्टी करू नका. फ्लॅटचं पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, पाहुण्यामागे ५०० रुपये ‘गेस्ट चार्ज’ लावणं. पहिल्या दोन्हींत मनाईहुकूम तुमच्यावरच येईल. तिसऱ्यात, सोसायटी असेल तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो तेव्हाचं शुल्क) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर जात नाही: सेवा शुल्क १,८०० असेल तर महिन्याला १८०, बस. अपार्टमेंटला हा आदेश थेट लागू नाही, पण उपविधीत नसलेली वसुली तिथेही टिकत नाही.

मीटिंगची नोटीस काढायच्या आधी त्या पाचही मालकांना मसुदा दाखवा. पाचातले दोघे बहुधा पुणे-बंगळुरूत असतील आणि आपल्या फ्लॅटमध्ये काय चाललंय हे त्यांना ऑपरेटरकडूनच कळत असेल. त्यांना रजिस्टरची पानं पाठवा. ठरावाला लागणारी मतं कधीकधी तिथूनच येतात.