क्लचचे पेडल खाली का बसते?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील कोंडीत क्लचचे पेडल खालीच बसते, पहिला गिअर पडत नाही; दोन-तीनदा दाबल्यावर मात्र पडतो. क्लचप्लेट बदलावी का? – एक वाचक, धायरी

उत्तर : एवढ्यात नको. प्लेट झिजली असती, तर चढावर इंजिन नुसतेच गुरगुरले असते आणि गाडीने ओढ घेतली नसती. वारंवार दाबल्यावर दाब तयार होतो, त्याअर्थी पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या नळीत हवा शिरली असावी किंवा मास्टर सिलिंडरमधील (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या भागातील) रबरी सील झिजून ऑइल आतल्या आत मागे सरकत असावे. हा दुसरा दोष बाहेर थेंबही न सांडता होत असल्याने गॅरेजमध्ये सहज नजरेतून सुटतो. आधी ऑइलची पातळी आणि स्लेव्ह सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या भागाचे) रबरी आवरण तपासावे. दोन्ही ठीक असल्यास हवा काढून घ्यावी, आणि तक्रार परतल्यास मास्टर सिलिंडर बदलावा. अनेक गाड्यांत ऑइलची टाकी ब्रेकशी सामाईक असते, म्हणून पातळी उतरत असल्यास गाडी बाहेर काढू नये.