शाफई कोकण आणि 'मुस्लिम लॉ': प्रबंधाचा विषय निवडताना

श्रीवर्धनच्या ताईंनी विचारलंय की एलएल.एम.च्या प्रबंधासाठी इस्लामी कायदा आणि तौलनिक अभ्यास घ्यायचाय, गाईड समान नागरी कायदा सुचवतायत, तर नवीन संशोधन कुठे चाललंय आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, समान नागरी कायद्यावर ढिगाने प्रबंध पडलेत. तुम्ही श्रीवर्धनच्या आहात, तेच भांडवल वापरा. हनफी आणि शाफई हे सुन्नी कायद्याचे दोन पंथ. कॉलेजात 'मुस्लिम लॉ' म्हणून शिकवतात तो बहुतांशी हनफी, आणि कोकणी मुसलमान शाफई. मुंबईत छापलेल्या नमाजच्या वेळापत्रकात असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या, दोन वेळा दिसतील, त्यातली आधीची शाफई. खाण्यातही तेच. शाफईंना समुद्रातले माशांखेरीजचे बहुतेक जीवही हलाल, हनफींना फक्त मासे. त्यामुळे हनफी घरातून आलेली सून माकुलांच्या कालवणाला हात लावताना बिचकते.

कोर्टात हा फरक फार जड पडतो. शाफई मतात स्त्रीचा निकाह वलीशिवाय, म्हणजे वडिलांसारख्या पालकाशिवाय, होत नाही. हनफी मतात सज्ञान स्त्री तो स्वतः करू शकते. १८६४ साली मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद या खटल्यात हाच पेच मुंबई हायकोर्टापुढे आला. शाफई घरातल्या मुलीने वयात आल्यावर हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीविना लग्न केलं होतं. कोर्टाने ते वैध धरलं. बाईने पंथ बदलून स्वतःचा हक्क मिळवला, यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

आता एकदम दिलेले तीन तलाक रद्द ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा शायरा बानो निकाल घ्या. न्या. नरिमन यांच्या युक्तिवादात एक महत्त्वाचा मुद्दा असा की जे हनफी मत एकदम दिलेले तीन तलाक चालवून घेतं, तेच त्यांना पाप म्हणतं, म्हणून ते धर्माचा अनिवार्य भाग नव्हेत. शाफई मतात मात्र ते पापात धरलेले नाहीत. मग शाफई बाईच्या बाबतीत हा युक्तिवाद कशावर उभा राहतो? त्या प्रथेबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही, आणि २०१९ च्या कायद्याने ती गुन्हा ठरली हे चांगलंच झालं. पण एका पंथाचं शास्त्र सगळ्यांचं म्हणून वापरलं जातं तेव्हा नेमकं काय निसटतं, हे कुणीतरी नीट मांडायला हवं.

नवीन संशोधनाचा ओघही इकडेच आहे. महमूद कूरिया यांचं 'इस्लामिक लॉ इन सर्क्युलेशन' (केंब्रिज, २०२२) आधी वाचा. तेराव्या शतकात इमाम नववींनी सीरियात लिहिलेला 'मिन्हाज', त्यावरचं इब्न हजर यांचं मक्केतलं भाष्य 'तुहफा', मग मलबारातला 'फत्हुल मुईन', पुढे जावाच्या विद्वानाने त्यावर लिहिलेलं भाष्य, असा शाफई ग्रंथांचा समुद्रमार्गे झालेला प्रवास त्यात आहे. फहद बिशारा यांचं 'अ सी ऑफ डेट' (२०१७) हिंदी महासागराच्या पश्चिम भागातल्या कर्जखतांवर आहे. यांच्या शेजारी कोकण ठेवा. माहीमचे मखदूम अली माहिमी पंधराव्या शतकातले शाफई विद्वान, म्हणजे आपला किनाराही या व्यवहारात होताच. तुलना इंग्रजी कायद्याशी न करता मलबार किंवा इंडोनेशियाशी करा, हे माझं ठाम मत.

जमिनीचं प्रकरण हवं असेल तर १९३७ च्या शरियत कायद्याचं कलम २ पाहा, त्यात शेतजमीन वगळलेली आहे. तलाठ्याकडचे फेरफार, वारसनोंदी आणि बहिणींची हक्कसोडपत्रं काढलीत की कागदावरचा कायदा आणि वाडीतला व्यवहार यांतलं अंतर कळेल.

निकाहाच्या नोंदवह्या जमातीकडे किंवा जुन्या काझी घराण्यांकडे मिळतात. परवानगी लेखी घ्या आणि कुणाची नावं प्रबंधात घालू नका. अरबी येत नसेल तर 'मिन्हाज'चं १९१४ चं इंग्रजी भाषांतर चालेल. पण ते बटाव्हियातल्या (आजचं जकार्ता) फ्रेंच भाषांतरावरून केलेलं आहे, तेव्हा तुमचा मुद्दा ज्या ओळीवर उभा असेल, ती ओळ अरबी जाणणाऱ्याकडून मुळात पडताळून घ्या.