टाइप लिहूनही स्ट्रिंग आत शिरते कशी?

प्रश्न: पायथनच्या फंक्शनमध्ये 'रक्कम'चा टाइप 'इंट' (पूर्णांक) दिला आहे. जेसनमधून (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायची पद्धत) "500" ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आली, तिची दुप्पट "500500" झाली! टाइप तपासणाऱ्या मायपाय या साधनानेही चूक दाखवली नाही. असं का?

उत्तर: पायथन प्रोग्रॅम चालवताना टाइप-हिंट (कोडमध्ये लिहिलेला टाइप) तपासत नाही. तपासणी मायपायची, आणि तीही आधीच, कोड वाचून. जेसन वाचणारं 'लोड्स' फंक्शन 'एनी' (काहीही चालेल असा टाइप) परत करतं आणि 'एनी' कुठल्याही टाइपमध्ये बिनबोभाट बसतो. खरी गळती इथेच आहे. तुम्ही त्यात एक मिळवायला गेला असतात तर निदान टाइप-एरर तरी आली असती. दोनने गुणल्यावर स्ट्रिंग नुसती दोनदा जोडली गेली, म्हणून तीही टळली.

'लोड्स'चा निकाल 'ऑब्जेक्ट' (काहीतरी आहे, पण काय ते माहीत नाही) टाइपच्या व्हेरिएबलमध्ये घ्या. मग खरा टाइप 'इज-इन्स्टन्स' फंक्शनने तपासल्याशिवाय मायपाय पुढे जाऊच देत नाही. मात्र आलेली गोष्ट डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संच) आहे एवढंच तपासलंत, तर आतल्या किमती पुन्हा 'एनी' होतात. त्याही 'ऑब्जेक्ट' म्हणूनच काढा. आणि 'ट्रू' (होय-नाहीतलं 'होय') हाही पायथनच्या लेखी 'इंट'च, तो वेगळा अडवा.

आलेला डेटा तपासणारी पायडँटिक ही लायब्ररी वापरणार असाल तर तिचा स्ट्रिक्ट (काटेकोर) मोड लावा, नाहीतर ती "500"चं गुपचूप 500 करून टाकतं. टाइपस्क्रिप्ट या भाषेत 'ऑब्जेक्ट'च्या याच कामाला 'अननोन' आहे. तिथे 'ॲज' लिहून टाइप नुसता सांगितला, तर प्रोग्रॅम चालताना काहीच तपासलं जात नाही.