गूगल अ‍ॅड्सच्या रिपोर्टमध्ये सगळं छान दिसतं, पण ऑर्डर येत नाहीत. नेमका कोणता आकडा बघायचा?

तुम्ही दिलेले महिन्याचे आकडे असे: इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली) ९,०००, क्लिक ७२०, सीटीआर (त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झाली) ८ टक्के, क्लिकमागे सरासरी २५ रुपये, खर्च १८,००० रुपये, कन्व्हर्जन ३६. जाहिराती सांभाळणारे म्हणतात झकास चाललंय, आणि नाशिकच्या तुमच्या मॉड्युलर किचनच्या दुकानात कामाचे फोन आले जेमतेम पाच-सहा. यात खोटं कोण बोलतंय, असा तुमचा प्रश्न आहे.

बहुतेक कोणीच नाही. मी छोट्या धंद्यांच्या सर्च जाहिराती सांभाळतो, आणि हा घोळ फार वेळा बघितलाय. रिपोर्ट वरून खाली वाचला की हमखास फसगत होते. तो खालून वर वाचा, म्हणजे आधी गिऱ्हाईक, मग चौकशी, मग क्लिक आणि सगळ्यात शेवटी इम्प्रेशन.

सुरुवात त्या ३६ कन्व्हर्जनपासून करा. कन्व्हर्जन म्हणजे ऑर्डर, असं गूगल कुठेच म्हणत नाही. खात्यात जी कृती मोजायला सांगितली असेल ती झाली, एवढाच त्याचा अर्थ. कोणी 'संपर्क' पान नुसतं उघडलं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबून मेसेज न पाठवताच परत गेलं, तरी सेटिंग तसं असेल तर कन्व्हर्जन धरलं जातं. म्हणून खात्यातल्या गोल्सच्या विभागात जाऊन काय काय मोजलं जातंय ते स्वतः बघा. माझ्या मते तुमच्यासाठी दोनच गोष्टी मोजाव्यात: भरून पाठवलेला फॉर्म आणि ठरावीक वेळापेक्षा जास्त चाललेला फोन. तिथेच 'प्रत्येक' मोजायचं की 'एकच' असाही पर्याय असतो. चौकशीच्या धंद्यात 'एकच' ठेवा, नाहीतर एकाच माणसाने तीनदा फॉर्म भरला की तीन कन्व्हर्जन दिसतील.

आता हिशेब. १८,००० भागिले ३६ म्हणजे चौकशीमागे ५०० रुपये, हे रिपोर्ट सांगतो. खऱ्या चौकशा सहा धरल्या तर तोच आकडा ३,००० होतो. हे महाग की स्वस्त, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. समजा, एका किचनमागे तुम्हाला ४०,००० सुटतात आणि दहा चौकशांत एक ऑर्डर पक्की होते. मग चौकशीमागे ४,००० गेले की सगळा नफा जाहिरातीतच गेला. मी असतो तर २,००० च्या वर जाऊ दिलं नसतं. आणि खर्चाच्या रकान्यात जीएसटी धरलेला नसतो. १८ टक्क्यांनी तुमचे १८,००० खरे २१,२४० होतात. जीएसटी नोंदणी असेल तर तो फरक इनपुट क्रेडिटचा, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होणारा, नसेल तर तुमच्या खिशातला.

मग सीटीआरचं एवढं कौतुक का? सीटीआर म्हणजे जाहिरात दिसलेल्या शंभर वेळांपैकी किती वेळा क्लिक झाली. २००२ पासून गूगलने जाहिरातींचा क्रम लावताना बोलीबरोबर (क्लिकमागे जाहिरातदार जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहे) हाही हिशेब धरायला सुरुवात केली, कारण पैसे क्लिकमागे मिळणार असतील तर क्लिक न होणारी जाहिरात वर ठेवून त्यांना काय फायदा? आजही क्वालिटी स्कोअरच्या, म्हणजे जाहिरातीच्या दर्जाला गूगल देतं त्या गुणांच्या, तीन घटकांपैकी एक अपेक्षित सीटीआर आहे. बाकीचे दोन म्हणजे शोधाशी जाहिरात किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे. चांगल्या सीटीआरमुळे क्लिक स्वस्त पडू शकते, हे खरं. पण क्लिक करणारा किचन घेणारा आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

ते कळतं 'सर्च टर्म्स'च्या रिपोर्टमध्ये, आणि या उत्तरातलं एकच काम करणार असाल तर हे करा. कीवर्ड म्हणजे आपण खात्यात घातलेले शब्द. सर्च टर्म म्हणजे माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द. कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या अर्थाच्या शोधांनाही चालेल अशा सेटिंगवर, असेल तर 'मॉड्युलर किचन'साठी 'किचन ट्रॉली रिपेअर', 'छोट्या किचनचे फोटो', 'मॉड्युलर किचन कोर्स' असल्या शोधांवरही जाहिरात दिसू शकते. फोटो बघायला आलेला माणूस क्लिक आनंदाने करतो. सीटीआर वाढतो आणि २५ रुपये जातात. असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका, म्हणजे ते शब्द असलेल्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. 'रिपेअर' टाकलं म्हणजे 'दुरुस्ती' आपोआप अडेल असं नाही. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अक्षरांतले शब्द वेगवेगळे घालावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण पैसे इथेच वाचतात. मात्र या यादीत सगळेच शोध दिसत नाहीत, फार कमी वेळा झालेले गूगल लपवतं.

लोकेशनचं सेटिंगही बघा. ते मुळात 'नाशिकमध्ये असलेले किंवा नाशिकमध्ये रस दाखवलेले' असं असतं. बहुतेकांना मी फक्त 'असलेले' ठेवायला सांगतो. तुमच्या बाबतीत जरा विचार करा, कारण मुंबईत राहून नाशिकला फ्लॅट घेतलेला माणूस तुमचं चांगलं गिऱ्हाईक असू शकतो.

इम्प्रेशन शेअरकडे, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यातल्या किती वेळा दिसली या आकड्याकडे, सध्या वळू नका. बजेट वाढवायचं की नाही, हे ठरवताना तो कामाला येतो. आधी शोध नीट निवडले जाऊ देत.

आठवड्याआठवड्याला घाईने निर्णयही घेऊ नका. किचन कोणी एका दिवसात ठरवत नाही. गूगल कन्व्हर्जन नोंदवतं ते जाहिरातीवर क्लिक झालेल्या तारखेला, फोन आलेल्या तारखेला नाही. त्यामुळे ताजा आठवडा नेहमी पडेलच दिसतो आणि मागाहून भरत जातो. पन्नास क्लिकमागे एक चौकशी येत असेल, तर पंधरा क्लिकनंतर एखादा कीवर्ड बंद करणं म्हणजे नुसता अंदाज.

दुकानात एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येक फोनची तारीख, गाव, 'कुठे बघितलंत' याचं उत्तर आणि पुढे काय झालं, एवढंच लिहा. महिन्याने जाहिरातवाल्यांशी बोलायला बसाल तेव्हा ती वही आणि सर्च टर्म्सचा रिपोर्ट शेजारी ठेवा, आणि पहिला प्रश्न विचारा की हे ३६ नेमके कोण.