पहाटेचा डोस घ्यायलाच हवा का?

प्रश्न: डॉक्टर, आईची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची आतून कॅमेऱ्याने तपासणी) पुढच्या आठवड्यात आहे. मागच्या वेळी आतडं नीट साफ नव्हतं म्हणून परत बोलावलंय. आता ती म्हणतेय पोट साफ करायचं सगळं औषध आदल्या संध्याकाळीच पिऊन टाकते, पहाटे उठवू नका, रात्रभर जाऊन जाऊन पोट रिकामं होतंच की. चालेल का?

उत्तर: नाही, आणि आईंना जरा समजावून सांगा कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. संध्याकाळच्या डोसने पोट साफ होतं हे खरं, पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे उजव्या बाजूला, थर धरून बसतो. त्याच भागातले काही पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या गाठी, अगदी चपटे असतात, थराखाली असले तर कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, आणि कॅन्सर व्हायच्या आधी पॉलिप काढून टाकता येतो हाच तर या तपासणीचा मोठा फायदा आहे. म्हणून औषध दोन भागांत द्यायचं. तपासणी सकाळी दहाला असेल तर दुसरा डोस पहाटे पाचच्या सुमाराला सुरू करून सातपर्यंत संपवायचा, मग पाणीसुद्धा नाही (तुमच्या सेंटरने वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा).

प्यायला त्रास होतोच, चव खारट असते. फ्रिजमध्ये गार करून, स्ट्रॉने थोडं थोडं प्यायला द्या, मळमळलं तर अर्धा तास थांबून परत सुरू करायचं, पण सोडून द्यायचं नाही.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया, कोंडा, कच्च्या भाज्या बंद. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ, तेही लाल-जांभळं नको, आत रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, त्याने मळ काळा आणि चिकट होतो. डायबेटीसच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच. आईंना बद्धकोष्ठता असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर तेही आत्ताच सांगा, औषध आणि त्याचं प्रमाण त्यावर ठरतं.

पोट साफ झालं का हे कितीदा जाऊन आलं त्यावर ठरवू नका, संडासच्या भांड्यात बघा. पिवळसर, लघवीसारखं पाणी, तळ दिसला पाहिजे. सकाळीही तपकिरी किंवा गढूळ असेल तर घरातून निघण्याआधीच सेंटरला फोन करा, वेळ पुढे ढकलून आणखी औषध देता येतं.