‘रक्त येतं, म्हणून तिथे घासत नाही’

“तार लावून चार महिने झाले, हप्ते अजून चालू आहेत, आणि ही ब्रश तोंडात घालते नि बाहेर काढते. सांगून सांगून थकले, मॅडम.”

मी समुपदेशक आहे आणि ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. पालक आलेले असतात अभ्यासासाठी, मोबाइलसाठी किंवा उलट बोलण्यासाठी, आणि बोलता बोलता विषय दातांवर येतो. दात हे दंतवैद्यांचं काम आहे, यात शंका नाही. पण ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करण्यासाठी तार (ब्रेसेस) लावणारे दंतवैद्य, महिन्या-दीड महिन्यातून एकदा भेटतात. रोज रात्री बेसिनपाशी जो वाद पेटतो तो घरातला असतो, आणि त्यात मुलाला ‘आळशी’, ‘बेफिकीर’ अशी जी विशेषणं चिकटतात ती दातांपेक्षा जास्त काळ टिकतात. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. मुलीला इथे सई म्हणेन. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

सई नववीतली. आई बोलत होती तोवर ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

“दिवसातून किती वेळा आठवण करता?” मी आईंना विचारलं.

“सकाळी, शाळेतून आल्यावर, रात्री दोनदा. नाही केली तर ती घासणारच नाही.”

“आणि केल्यावर घासते?”

आई थांबल्या. “नाही. म्हणूनच तर आलोय.”

मग मी सईशी एकटीशी बोलले. “घासते ना मी,” एवढंच ती म्हणत राहिली. ‘घासतेस की नाही’ या प्रश्नावर मुलं कायम बचावाच्या पवित्र्यात असतात, कारण घरात तो प्रश्न आरोप म्हणूनच येतो. मी तो सोडून दिला आणि म्हटलं, “कशी घासतेस ते हवेतल्या हवेत करून दाखव बरं.” तिनं दाखवलं. हात भराभर डावी-उजवीकडे फिरला, पण फक्त दातांच्या मधोमध. हिरडीच्या जवळ तो एकदाही गेला नाही.

“वरच्या बाजूला नाही नेत?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “तिथे रक्त येतं.”

“मग?”

“मग मी तिथे लावत नाही. एकदा थुंकले तर बेसिन लाल झालं. मला वाटलं, तारेनं आत काहीतरी कापलंय. आजी म्हणाली, हिरड्या नाजूक झाल्यात, ब्रश नको, बोटानं मंजन लाव.”

“आईला सांगितलंस?”

“आई म्हणेल, बघ, घासत नाहीस म्हणून!”

गेले चार महिने घरात जो आळस म्हणून ओळखला जात होता, तो प्रत्यक्षात हा होता. गुडघा खरचटला की आपण खपली खरवडत नाही; सई हिरड्यांशी तेच करत होती. तिचं वागणं तिच्या समजुतीशी पूर्ण सुसंगत होतं, चूक होती ती समजुतीत. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीच्या अंगानं काम करते. १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. घडलेल्या गोष्टीचा माणूस जो अर्थ लावतो त्यातून त्याची भावना आणि कृती येते, हा तिचा गाभा. त्यामुळे एखादं मूल हट्टानं काही करत नसेल, तर त्याला अजून किती दटावावं यापेक्षा त्यानं कोणता अर्थ लावलाय, हे मी आधी शोधते. दाताच्या ब्रशपासून दहावीच्या गणितापर्यंत या प्रश्नानं मला क्वचितच रिकाम्या हातानं परत पाठवलं आहे.

तिला उपदेश न करता मी एक खरी हकीकत सांगितली. डेन्मार्कमधल्या ऑऱ्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांनी, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात साफ करणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट स्वच्छता सुरू केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

सई लक्ष देऊन ऐकत होती. “त्यांना तार होती?”

“नव्हती.”

“मग कापलं कशानं?”

“कशानंच नाही.”

मी पुढे काही बोलले नाही. समुपदेशनात अशा वेळी थांबता येणं ही वर्षांनी कमावलेली गोष्ट आहे. बोटांवर काहीतरी जुळवत असल्यासारखी ती बसली आणि मग हळूहळू म्हणाली, “म्हणजे मी तिथे घासत नाही म्हणून रक्त येतं… आणि रक्त येतं म्हणून मी तिथे घासत नाही.”

हेच वाक्य आई रोज तिला ऐकवत होत्या, निदान त्याचा पहिला अर्धा भाग. फरक एवढाच की आईंच्या तोंडी तो ठपका होता. सईनं त्याला दुसरा अर्धा भाग जोडला आणि त्याचं वर्तुळ तिला दिसलं. आता ते कुठे तोडायचं हेही तिनंच विचारलं. मी तिला आधी तिच्या डॉक्टरांना हिरड्या दाखवायला सांगितलं, कारण तारेचं टोक खरंच टोचत असू शकतं आणि ते तपासणं माझं काम नाही. कुठे टोचत नव्हतं. सूज साठलेल्या कीटणामुळे होती. वयात येतानाच्या संप्रेरकांमुळे या वयात हिरड्या थोड्याशा कीटणालाही जास्त चिडतात, हेही त्यांनी तिला समजावलं. डॉक्टरांनी एकदा सगळं साफ करून दिलं आणि पुढचं तिच्या हाती सोपवलं.

आता ते पुढचं सांगते, कारण पालकांना कीटण म्हणजे नेमकं काय आणि ते कसं निघतं हेच अनेकदा माहीत नसतं. कीटण हा जिवाणूंचा मऊ, चिकट थर असतो. तो ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या दातावरच्या चिकटवलेल्या तुकड्याच्या, कडेला आणि तारेखाली मुक्काम करतो, चूळ भरून जात नाही आणि कडक झाला तर डॉक्टरांनाच काढावा लागतो. गोड खाल्लं की त्यातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि दाताच्या कवचातले क्षार निघून जाऊ लागतात. त्याचे खडूसारखे पांढरे डाग स्वच्छतेची हेळसांड झाली तर महिन्याभरातही उमटू शकतात. ब्रेसेस काढल्यावर ब्रॅकेटच्या जागेभोवती त्यांची चौकट उरते, तेव्हा सरळ झालेल्या दातांचा आनंद अर्धा होतो.

म्हणून क्रम असा. आधी पाण्यानं जोरात चूळ, म्हणजे अडकलेले कण सुटतात. मग मऊ ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवून लहान लहान गोल फिरवायचा. सई नेमकी हीच जागा टाळत होती. त्यानंतर ब्रॅकेटच्या वरून खाली कलता ब्रश, मग खालून वर. आतली बाजू आणि चावण्याची बाजू शेवटी. तारेखाली जाण्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा इवलासा इंटरडेंटल ब्रश मिळतो, तो प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मधून आत-बाहेर करायचा. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. घासून झालं की थुंकायचं, पण लगेच भरपूर पाण्यानं चुळा भरून ते फ्लोराइड धुऊन टाकायचं नाही. एक वेळ अगदी काटेकोर व्हायला हवी असेल तर ती रात्रीची, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचं नैसर्गिक संरक्षण घटतं. तारेनं गालाला फोड आला तर ऑर्थोडॉन्टिक मेण लावावं आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. त्यासाठी घासणं थांबवू नये. औषधी माउथवॉश मात्र मनानं सुरू करू नये, काहींमुळे दातांवर डाग पडतात.

आजींचा प्रश्न नाजूक होता. मंजन भरड असेल तर दात झिजवतं आणि बोट तारेखाली पोचत नाही, पण हे सुनेनं सासूला सांगितलं असतं तर नवीनच वाद उभा राहिला असता. सईनंच आजीला आरशासमोर नेऊन तार दाखवली. “हितं बोट कसं जायचं गं!” असं म्हणून आजींनी स्वतःच सल्ला मागे घेतला.

शाळेचा भाग दुसऱ्या एका भेटीत निघाला. मधल्या सुट्टीत मेथीची भाजी तारेत अडकली होती आणि एक मुलगा म्हणाला होता, “तुझ्या तोंडात शेत उगवलंय.” तेव्हापासून डबा अर्धा परत येत होता आणि हसताना हात तोंडावर जात होता.

“सगळे माझ्या दातांकडेच बघतात.”

“सगळे म्हणजे कोण कोण?”

तिनं आठवून पाहिलं. “तो… आणि त्याच्या बाकावरचा.”

“आणि त्या दोघांनी बघितलं तर काय होतं?”

“राग येतो.” मग जरा वेळानं, “पण डबा सोडण्याइतका नाही.”

वर्गात ब्रेसेसवाली आणखी एक मुलगी होती. दोघींनी डबा झाला की नळावर जाऊन चूळ भरायची आणि खिशातल्या आरशात बघून लहान ब्रश फिरवायचा असं ठरवलं.

सगळ्यात अवघड काम आईंचं होतं. “मी आठवण केली नाही आणि दात किडले तर? लोक मलाच विचारणार, आई काय करत होती.” इथे त्यांच्या मनातलं खरं ओझं बाहेर आलं. मुलीच्या दातांवरचा प्रत्येक कण त्यांना आपल्या आईपणावरचा डाग वाटत होता. इतक्या भीतीतून निघालेली सूचना मुलीला सूचना म्हणून ऐकूच जात नाही, तिला फक्त भीती ऐकू जाते. मी त्यांना काळजी सोडायला सांगितलं नाही. काळजीची जागा बदलायला सांगितली. दातांवरचं कीटण रंगवून दाखवणारी गोळी मिळते, ती चघळून चूळ भरली की राहिलेली जागा रंगीत दिसते. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, सईनं ती गोळी घ्यायची, आरशात बघायचं आणि राहिलेला रंग घासून काढायचा. आईंनी शेजारी उभं राहायचं, पण पहिलं वाक्य सईचं. बाकीचे सहा दिवस दातांबद्दल एक शब्द नाही. आईंना ते जड गेलं, पण त्यांनी पाळलं, आणि त्यांच्या या धैर्याचं मला सईच्या धैर्याइतकंच कौतुक आहे.

पहिले काही दिवस रक्त येतच होतं. हे आधी सांगून ठेवलं नसतं तर तिनं पुन्हा ब्रश ठेवून दिला असता. हळूहळू ते कमी झालं आणि मग थांबलं. तुमच्या मुलाचं दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही, किंवा पू, ताप, वाढती सूज दिसली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. सईच्या एका सुळ्यावर पांढरा डाग मात्र उमटायला लागला होता. त्यावर डॉक्टरांचं लक्ष आहे. कधी कधी ती झोप आली म्हणून घाईत उरकते, तेव्हा रविवारी रंग तिला ते दाखवतो.

शेवटच्या भेटीत आईंनी विचारलं, “तार निघाली की हे सगळं संपेल ना?” उत्तर सईनं दिलं, कारण तिनं ते डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं होतं. तार निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर असतो. तो दातांच्या मागे चिकटवलेला असेल तर त्याच्या खालूनही असंच साफ करावं लागतं. काढता-घालता येणारा प्लास्टिकचा असेल तर तो रोज मऊ ब्रशनं घासायचा, पण गरम पाण्यानं धुवायचा नाही, त्याचा आकार बिघडतो.